अगं, मीठ?

बाई वर्गात शिरल्या, फळ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. फळ्यावर कुणीतरी चांगलं हातभर लांबीचं लिहून ठेवलं होतं, ‘अगं, मीठ?’ सगळा वर्ग वह्यांत तोंड खुपसून खुसखुसत होता. बाईंनी फळा पुसला, डस्टर टेबलावर आपटलं आणि त्या तासाला अपूर्णांकांची अशी गणितं घातली, की शेवटच्या बाकावरच्यांनासुद्धा हसू परवडलं नाही. पण राग काही गेला नाही. कसा जाणार? मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला, तर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, अगदी मायेने विचारलं, ‘‘मीठ हवंय का हो? नाही, विसरला असाल तर!’’

आता हे मिठाचं काय प्रकरण आहे, ते सांगायलाच हवं.

बाईंचा नवरा चित्रकार. भिंतीवर टांगायची चित्रं काढणारा नव्हे. रविवारच्या पेपरात शेवटच्या पानावर हसायची चित्रं काढणारा. त्या पानावर लंबूराव आणि गोलूबाई असं एक जोडपं वर्षानुवर्षं नांदत होतं. लंबूराव उंच, शिडशिडीत, समजूतदार, आणि डोक्यावर केसांचं रान. (खुद्द चित्रकाराच्या डोक्यावर रान कधीच उजाड झालं होतं, पण स्वतःचं चित्र काढताना हात सैल सुटतो.) गोलूबाई बुटकी, वाटोळी आणि धांदरट. दरवर्षी सुट्टी लागली की हे जोडपं अख्खं पानभर सहलीला जायचं. चौकड्यांचं कापड अंथरायचं, झाकणाची टोपली उघडायची, मुंग्यांची रांग केक उचलून न्यायची, कुंपणापलीकडचा बैल कुंपणाअलीकडे यायचा, गोलूबाई तळ्यात पडायची आणि शेवटच्या चौकटीत लंबूराव बोट वर करून विचारायचा, ‘अगं, मीठ?’ आणि गोलूबाई कपाळावर हात मारायची. झालं. लोक पोट धरून हसायचे.

लोकांना हसायला काय जातंय! चित्रकाराची बायको म्हणजेच गोलूबाई, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. बाई काही वाटोळ्या नव्हत्या. धांदरट तर मुळीच नव्हत्या. शाळेचं वेळापत्रक त्याच आखायच्या. आणि मीठ? उभ्या जन्मात एकदाही विसरल्या नव्हत्या. तरी वाणी पुडी बांधताना विचारायचा, शेजारीण जिन्यात विचारायची, दाताचा डॉक्टर तोंडात आरसा घालून विचारायचा. घरी येऊन नवऱ्याला सांगावं, तर तो मान वर न करता म्हणायचा, ‘‘अगं, विनोद आहे. हसायचं असतं.’’

(बाईंना ‘त्या’ आणि नवऱ्याला ‘तो’ का, असं कुणी विचारेल. गोष्ट संपेपर्यंत थांबा.)

आणि या सगळ्यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. चित्रकाराचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पेपरवाल्यांनी पहिल्याच महिन्यात हात टेकले होते. तेव्हापासून चित्रं तो काढायचा आणि पात्रांच्या तोंडचे फुगे रिकामे ठेवायचा. त्या फुग्यांत वळणदार, टपोऱ्या अक्षरात संवाद भरायचे कुणी? बाईंनी! वर्षानुवर्षं ‘अगं, मीठ?’ हे त्या स्वतःच्या हाताने लिहीत आल्या होत्या. स्वतःच्या जखमेवर स्वतःच मीठ चोळायचं, तेही सुवाच्य अक्षरात.

त्या दिवशी फळा पुसून घरी आलेल्या बाईंनी पर्स खुर्चीवर फेकली.

‘‘अहो, तुम्ही आयुष्यात कधी सहलीला गेलाय?’’

चित्रकार टेबलावर वाकून बैलाच्या नाकपुड्या रंगवत होता. ‘‘मी? नाही. का?’’

‘‘मला कधी नेलंत?’’

‘‘अगं, जायला कशाला लागतं? जुनी चित्रमासिकं कपाटभर आहेत. सहल म्हटलं की चौकड्यांचं कापड, दोन झाकणांची टोपली, मुंग्या, बैल. सगळ्या जगात तसंच असतं.’’

‘‘कागदावर असतं! म्हणजे न गेलेल्या सहलीत, न विसरलेल्या मिठासाठी मी इतकी वर्षं लोकांचं ऐकून घेतेय?’’ बाईंचा आवाज इतका चढला की आतून लेक बाहेर आली. लेक कॉलेजात होती आणि असल्या प्रसंगी दाराच्या चौकटीला टेकून उभं राहण्यापलीकडे काही करत नसे. ‘‘ते काही नाही. या वर्षी आधी सहल, मग चित्र. आणि जे घडेल तेच काढायचं. मी मीठ विसरले, तर पुढची वीस वर्षं तेच लिहीन. नाही विसरले, तर ‘अगं, मीठ?’ कायमचं बंद. द्या शब्द.’’

‘‘पण सुरळीत झालेल्या सहलीचं चित्र बघणार कोण?’’

‘‘शब्द!’’

‘‘दिला,’’ चित्रकार म्हणाला. लेक साक्षीला होतीच.

आता तीन माणसांनी कुठेतरी हिरवळीवर बसून चार घास खायचे, यात अवघड ते काय? पण शहराबाहेरच्या तळ्याकाठची बाग सरकारी होती आणि तिथे गवतावर कापड अंथरायला परवानगी लागायची. बाई शाळेतून अर्धी रजा टाकून नवऱ्यासह बाग खात्याच्या कचेरीत गेल्या. जाळीमागचा कारकून नखं कापत होता.

‘‘सहलीची परवानगी हवी आहे.’’

‘‘किती माणसं?’’

‘‘तीन.’’

‘‘तीन माणसांची सहल होत नाही. सहल म्हणजे कमीत कमी वीस.’’

‘‘मग तीन माणसांचं काय होतं?’’

‘‘काही होत नाही,’’ कारकुनाने उरलेल्या नखाकडे लक्ष वळवलं. ‘‘तीन माणसांनी बाकावर बसायचं. गवतावर कापड आलं की सहल. सहल आली की वीस.’’

‘‘बाकावरच बसू मग.’’

‘‘बाकावर खायला मनाई आहे.’’

बाईंना वाटलं, जाळीतून हात घालून त्याचं नेलकटर काढून घ्यावं. तेवढ्यात चित्रकाराला ओळख दाखवायची हुक्की आली. ‘‘मी तो, रविवारच्या पानावरचा. लंबूराव...’’

कारकून ताडकन उभा राहिला. ‘‘अरे! तुम्ही होय? म्हणजे या गोलूबाई!’’ आणि मागे वळून त्याने सगळ्या कचेरीला हाक दिली, ‘‘अहो या, या! गोलूबाई आल्यात!’’ टाइप करणारी, चहा देणारा, आतले साहेबसुद्धा जाळीपाशी आले आणि सगळ्यांनी एका सुरात विचारलं, ‘‘मीठ घेतलंत ना?’’ एवढं कौतुक झाल्यावर परवानगीचं तरी काम व्हावं की नाही? ते मात्र वीसवरच अडलं. नियम म्हणजे नियम.

बाईंची जिद्द वाईट. वीस तर वीस! त्यांनी तिथेच वीस माणसांची परवानगी लिहून घेतली. संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी पसरली आणि खालचे काका वर आले. खालचे काका नकाशे काढणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. कुणाच्याही घरी काहीही निघालं की ते स्वतःची नेमणूक करून टाकायचे. त्यांनी येतानाच तळ्याचा नकाशा आणला होता. वाऱ्याची दिशा, सावली कुठे पडेल, मुंग्यांची वारुळं कुठे, सगळं त्यात होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चुकलं ते पुढच्या एका वाक्यात.

‘‘आता कुणी काय आणायचं ते ठरवू,’’ काका म्हणाले आणि डोळे मिचकावून पुढे हसले, ‘‘मिठाचं काम मात्र तुमच्याकडे नको हं, बाई! ते आपलं दुसऱ्या कुणाकडे तरी देऊ.’’

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘‘मीठ ना? आणा की! सगळ्यांनी मीठच आणा! पोतीच्या पोती आणा! बाकीचं मी बघते!’’

कुणीही शहाणा माणूस समजला असता की बाई संतापल्यात. पण काका सरकारी नोकरीतले. तोंडी आदेश आला की खाली कळवायचा, एवढंच त्यांना ठाऊक. ते दारोदार सांगून आले, ‘‘बाईंचा निरोप आहे. सगळ्यांनी मीठ आणायचं. बाकीचं बाई बघताहेत.’’

दुसऱ्या दिवशी जिन्यात समोरच्या काकूंनी बाईंचा हात हातात घेतला. ‘‘किती हो मोठं मन तुमचं! वीस माणसांचं एकटीने करायचं म्हणजे! आम्ही आपलं मिठावर सुटलो.’’

बाई तिथेच पायरीवर बसायच्या बाकी राहिल्या. सांगून टाकावं ना, की अहो, मी चिडून बोलले? पण मग इमारतभर काय झालं असतं? ‘गोलूबाईंनी सांगितलं एक आणि म्हणायचं होतं दुसरंच!’ ते पुन्हा पानावर आलं असतं. त्यापेक्षा वीस माणसांना जेवू घातलेलं परवडलं. बाई दात-ओठ खात म्हणाल्या, ‘‘त्यात काय मोठंसं!’’

मग काय, सहलीचा आदला अख्खा दिवस घराची खानावळ झाली. बटाटे उकडले, अंडी उकडली, पाव कापले, चटणी वाटली, केक भाजला. भाजल्या बोटांवर फुंकर घालत बाईंनी मोठमोठे डबे भरले. मीठ बटाट्यांत घातलं, वेगळ्या बाटलीत घेतलं, एक पुडी लेकीच्या पिशवीत कोंबली आणि एक स्वतःच्या पर्समध्ये. लेक म्हणाली, ‘‘आई, बास!’’ तर तिलाच ओरडा बसला. चित्रकार या काळात काय करत होता? चौकड्यांचं कापड शोधत होता. पट्ट्यांचं मिळालं, फुलांचं मिळालं. ते त्याला चालेना. लाल-पांढऱ्या चौकड्यांशिवाय सहल म्हणजे सहलच नव्हे, असं त्याचं म्हणणं. शेवटी शिंप्याकडून तसं शिवून आणलं. दोन झाकणांची टोपलीही कुठूनशी पैदा केली आणि तिच्यात स्वतःचे कागद, पेन्सिली, रंग भरले.

सकाळी टेम्पो दाराशी आला. बाई नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. ‘‘हे बघा. तुम्हाला एकच काम. एकच! दाराशी डबे ठेवलेत, ते टेम्पोत चढवायचे. मी खाली माणसं मोजते.’’

‘‘हो गं, लहान का आहे मी?’’

बाई खाली गेल्या. घरची तिघं धरून वीस माणसं मोजली. प्रत्येक शेजाऱ्याच्या हातात मिठाची पुडी होती आणि प्रत्येकजण ती उंच करून दाखवत होता. बाईंनी एकेकाकडे असं पाहिलं की बोलायची कुणाची हिंमत झाली नाही. मागून चित्रकार टोपली, कापड आणि एक भली थोरली छत्री घेऊन उतरला, ‘चला चला’ म्हणाला आणि टेम्पो निघाला.

तळं सुंदर होतं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण त्या दिवशी तिकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. फाटकावरच्या रखवालदाराने वीस माणसं दोनदा मोजली, परवानगीचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि आत सोडलं. काकांनी नकाशा धरून जागा दाखवली. चौकड्यांचं कापड पसरलं. ऊन छान, वारा बेताचा, आकाशात ढगाचं नाव नाही. कुंपणापलीकडे बैल होता. पण तो बसून रवंथ करत होता आणि चित्रकाराने दोनदा लाल छत्री हलवून पाहिली तरी उठला नाही.

बाईंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. चित्रकाराचा चेहरा मात्र उतरत चालला. तो कापडाच्या कडेकडेने ओणवा होऊन गवत तपासत होता.

‘‘काय शोधताय?’’

‘‘मुंग्या,’’ तो रडवेल्या आवाजात म्हणाला. ‘‘एक मुंगी नाही गं! अशी कशी सहल? कापड अंथरून एवढा वेळ झाला, आणि एक मुंगी फिरकू नये?’’

‘‘फिरकतील. खायला काढलं की फिरकतील. डबे कुठायत?’’

‘‘कुठले डबे?’’

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

‘‘ते दाराशीचे होय?’’ चित्रकार उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. ‘‘मी छत्री घ्यायला आत गेलो ना... मला वाटलं, लेकीने चढवले असतील.’’

‘‘मी तर आईबरोबर खाली होते, बाबा,’’ लेक म्हणाली.

हे बोलणं तिघांतच झालं. बाकीच्यांपर्यंत पोचलं ते एवढंच, की डबे घरी राहिले. वीस माणसं, ढीगभर पुड्या मीठ, आणि कापडावर एक टोपली, तिच्यात पेन्सिली! मग खालच्या काकांनी मांडीवर थाप मारली. ‘‘कमाल झाली! या खेपेला बाई मीठ सोडून सगळं विसरल्या!’’

काय हशा पिकला म्हणता! समोरच्या काकू तर गवतावर आडव्या झाल्या. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आता बोलेल, त्यांना वाटलं. म्हणेल, तिचं काही नाही हो, चूक माझी. एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द! त्यासाठी त्या आदला अख्खा दिवस चुलीपाशी भाजून निघाल्या होत्या. चित्रकारही हसत होता. हसता हसता त्याने टोपलीतून कागद काढला आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

बाई पर्स उचलून तरातरा फाटकाकडे निघाल्या.

फाटकाबाहेर एक काकडीवाली बसली होती. सगळे तिच्यावर तुटून पडले. काकड्या कापताना तिने डबी उलटी करून झटकली आणि संकोचून बाईंना म्हणाली, ‘‘ताई, जरा मीठ असंल का हो? माझं आज घरीच राहिलं.’’ बाईंनी आपल्या पर्समधली पुडी काढून सगळीच्या सगळी तिच्या डबीत ओतली. साऱ्या दिवसात त्यांना मिठाबद्दल सरळ मनाने विचारणारी ती एकटी. तिला मिठी मारावी असं बाईंना वाटून गेलं.

संध्याकाळी घराचं दार उघडलं, तर मुंग्या सगळ्या तिथे होत्या! उंबऱ्यापासून डब्यांपर्यंत आणि डब्यांपासून भिंतीच्या फटीपर्यंत काळीभोर रांग. केकचे कण डोक्यावर घेऊन शिस्तीत चाललेली. बटाटे आंबले होते. बाई दारातच उभ्या राहिल्या. एवढे कष्ट डोळ्यांदेखत भिंतीत चालले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘‘मुंग्या!’’ मागून चित्रकार आनंदाने ओरडला. ‘‘बघ, मी म्हणत नव्हतो? अगदी अशाच असतात!’’ आणि तिथेच चपला न काढता चितारायला बसला.

पान पुरं झालं ते बाईंच्या टेबलावर आलं. फुगे नेहमीसारखे रिकामे. बाईंनी चित्रं पाहिली. तळं होतं, बैल होता (उठलेला), मुंग्या होत्या, माणसांच्या हातात पुड्या होत्या. आणि शेवटच्या चौकटीत रिकाम्या टोपलीपाशी गोलूबाई कपाळावर हात मारून उभी, तिच्यापुढे लंबूराव, बोट वर केलेला.

‘‘हे असं घडलं?’’ बाईंनी शांतपणे विचारलं. ‘‘डबे गोलूबाई विसरली?’’

‘‘अगं, लंबूराव विसरला तर वाचकांना पटेल का? तो तसा नाहीये. विनोदाचं एक शास्त्र असतं.’’ चित्रकार जांभई देत उठला. ‘‘मी जरा पडतो. शेवटच्या चौकटीत लिही आपलं नेहमीचंच. शिपाई येईल पान न्यायला, त्याला देऊन टाक.’’

‘‘शब्द दिला होतात.’’

‘‘विनोद आहे गं. हसायचं असतं,’’ तो आतून म्हणाला आणि घोरायला लागला.

बाईंनी पान पुढ्यात ओढलं. मग त्यांनी बारीक टोकाचं पेन काढलं, शाईत बुडवलं आणि पहिल्या चौकटीपासून एकेक फुगा टपोऱ्या अक्षरात भरत गेल्या. शेवटच्या चौकटीशी त्या थांबल्या. बोट वर केलेल्या लंबूरावाकडे त्यांनी नीट पाहिलं. वर्गात ‘हे कुणी केलं’ म्हटल्यावर एखाद्या पोराने मुकाट बोट वर करावं, अगदी तसा दिसत होता. रेघ बदलायची गरजच नव्हती. त्याच्या फुग्यात बाईंनी लिहिलं, ‘अगं, डबे मीच घरी विसरलो!’ आणि कपाळाला हात लावलेल्या गोलूबाईच्या फुग्यात, ‘मग बसा मीठ खात! आणि खाल्ल्या मिठाला जागा!’

शाई वाळली. शिपाई आला. बाईंनी पान त्याच्या हातात दिलं.

रविवारी सकाळी चित्रकार पेपर आणि पाव आणायला म्हणून खुशीत शीळ घालत खाली उतरला. थोड्या वेळाने जिन्यात धाडधाड पावलं वाजली. दार आपटलं. चित्रकाराचा चेहरा लालबुंद झाला होता.

‘‘हा काय चावटपणा चाललाय! वाणी मला चार गिऱ्हाइकांसमोर विचारतो, डबे घेतलेत ना! काका गॅलरीतून ओरडतात, डबे घेतले का! समोरच्या काकू तर... माणसाची काही अब्रू आहे की नाही? आणि वर संपादकांचा फोन! इतकं हसलो नव्हतो म्हणे कधी. पुढच्या वर्षीही डबेच ठेवा म्हणे!’’ त्याने पेपर टेबलावर फेकला. ‘‘तू काय लिहिलंस हे?’’

बाई पोळपाटावरून नजर न हलवता म्हणाल्या, ‘‘जे घडलं ते. विनोद आहे हो. हसायचं असतं.’’

दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली लेक मात्र फिस्सकन हसली.

दुपारी तिघं जेवायला बसले. फळीवर शेजाऱ्यांनी मागे ठेवलेल्या मिठाच्या पुड्यांची रास होती. पुढची काही वर्षं या घरात मीठ विकत आणायचं काम नव्हतं. चित्रकाराने भाजीचा घास तोंडात घातला आणि थबकला. भाजीत मिठाचा कण नव्हता. त्याने तोंड उघडलं. ‘‘अगं...’’

बाईंनी मान वर केली. ‘‘काय?’’

चित्रकाराने त्यांच्याकडे पाहिलं. मग फळीवरच्या राशीकडे पाहिलं. मग खाली ताटात.

‘‘काही नाही,’’ तो म्हणाला. ‘‘भाजी छान झालीय.’’

आणि त्याने मुकाट्याने दुसरा घास घेतला.